साक्षीची रंगीत तालीम

तालमीची कल्पना मावशीची. तेवढ्यावरूनच ताईच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. मावशी म्हणजे ताईची धाकटी बहीण. तिने आजवर या घरात जे जे सुचवलं, मग ते भाचीच्या लग्नात नवरदेवाला गायला लावणं असो की मेव्हण्यांच्या निवृत्तीच्या समारंभात त्यांच्या वरिष्ठांना संगीतखुर्ची खेळवणं असो, त्यातून कोणी ना कोणी रुसून घरी गेलं होतं. पण त्या रविवारी ताई घाईत होती. सोमवारी सकाळी अकराला नवऱ्याची साक्ष होती, आणि नवरा शुक्रवारपासून बाथरूमचं दार लावून आरशासमोर भाषण करत होता.

"बाबांना प्रश्नांची सवय नाही," वकीलबाई म्हणाली. ती ताईची एकुलती एक लेक. वकिली करायला लागल्यापासून घरात तिला कोणी नावाने हाक मारली नव्हती. "जन्मभर यांनी विचारायचं आणि दुसऱ्यांनी उत्तरं द्यायची. उद्या समोर नऊ माणसं बसणार आहेत."

"म्हणून तर तालीम," मावशी म्हणाली आणि बहिणीची करडी शाल अंगावर ओढून जेवणाच्या टेबलाच्या मधल्या खुर्चीत जाऊन बसली. "मी अध्यक्ष. पेपरात आलंय की खरे अध्यक्ष अर्धा वेळ डुलक्या काढतात. मीही काढणार."

घरात सगळे ज्यांना साहेब म्हणत ते गृहस्थ दारात उभे होते. पंचाहत्तरीला पाचच कमी, पण पाठीचा कणा अजून पट्टीसारखा. तपास खात्यातून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी बायकोसुद्धा परक्यांसमोर त्यांना साहेबच म्हणायची. हल्ला होणार अशी पक्की खबर असेल तर पकडलेल्या माणसाशी कठोर वागायची मुभा तपास करणाऱ्यांना द्यावी की नाही, यावर नवा कायदा येऊ घातला होता. त्यासाठी समिती बसली होती, आणि मुभा द्या म्हणणाऱ्यांचा हुकमी एक्का म्हणजे साहेब. टपाल कार्यालयाचं प्रकरण त्यांचं. त्याचं पदक दिवाणखान्याच्या भिंतीवर, सगळ्यांच्या लग्नाच्या फोटोंच्या वर.

"हा पोरखेळ आहे," साहेब म्हणाले.

"अहो, बसा ना," ताई म्हणाली. "घटकाभर."

ते बसले ते त्या पोरखेळासाठी नव्हे. त्या कायद्याविरुद्ध निघालेल्या पत्रकावर लेकीची सही होती, सातव्या क्रमांकावर, आणि तीन आठवडे बापलेक एकमेकांशी बोलले नव्हते. "तुझ्या वडिलांना सांग चहा गार होतोय," "तुझ्या लेकीला सांग मला गार चहा आवडतो," असं सगळं ताईमार्फत चाललं होतं. दोघं एका टेबलाशी बसणार असतील तर ताई सर्कशीलाही तयार होती.

"मी सदस्य, कायद्याच्या बाजूचा," जावई म्हणाला आणि साहेबांच्या उजव्या हाताला बसला. तो दातांचा डॉक्टर. सतरा वर्षांचा असताना बाजारातल्या स्फोटात त्याचा थोरला भाऊ गेला होता. साहेबांनी टपाल कार्यालय वाचवलं त्याच्या पुढच्याच वर्षी. बाजारातल्या त्या स्फोटाआधी कोणी पकडलं गेलं नव्हतं, कोणाला काही विचारायची वेळच आली नव्हती. डॉक्टर हे कधी बोलून दाखवत नसे, पण सासऱ्यांच्या पदकावरची धूळ या घरात तोच पुसायचा.

"मी विरोधी," वकीलबाई म्हणाली.

"ते माहीत आहे," साहेब भिंतीला म्हणाले.

ताईच्या वाट्याला कारकुनाचं काम आलं. वेळ संपली की पेल्यावर चमचा वाजवायचा. तिने आत्ताच एकदा वाजवून पाहिला.

"साक्षीदाराने खुर्चीत मागे रेलू नये," अध्यक्ष म्हणाले. "त्या खुर्चीचा पाय डुगडुगतोय. करा सुरू."

साहेबांनी घसा खाकरला आणि ती गोष्ट सुरू झाली. घरातल्या प्रत्येकाला ती पाठ होती. वकीलबाई तीवरच वाढली होती, डॉक्टरने ती लग्नाच्या बोलणीत ऐकली होती.

"शनिवारी सकाळी अकरा वाजता संशयिताला चौकशीच्या खोलीत आणलं. वय चौतीस. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा जुळारी. आपली भाषा त्याला येत नव्हती, म्हणून दुभाषी बोलावली."

"कशी होती दुभाषी?" अध्यक्षांनी विचारलं.

"कामापुरती बरी होती."

डॉक्टर खो खो हसला. दुभाषी म्हणजे मावशीच. तेव्हा एकोणतीस वर्षांची, डोंगरापलीकडची ती भाषा येणारी खात्याच्या यादीतली एकुलती एक बाई. त्या प्रकरणानंतर तिने ते काम सोडलं आणि वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तिकांची भाषांतरं करायला लागली. का सोडलं असं विचारलं की म्हणायची, मशीन उलट उत्तर देत नाही.

"एकतीस तास तो बोलला नाही," साहेब पुढे म्हणाले. "रविवारी संध्याकाळी सहा वाजता बोलला. मुख्य टपाल कार्यालय, पार्सलखोली, तिसरं फडताळ, खालचा खण. पिशवीत बॉम्ब, सोमवारी सकाळी दहाची वेळ लावलेली. पेन्शनचा दिवस, दोनशे माणसं रांगेत असती."

"आणि शनिवारी मी त्याच पार्सलखोलीत उभी होते," ताई नेहमीच्या सवयीने म्हणाली. गोष्टीचं हे शेपूट तिच्या मालकीचं होतं. "पिशवीपासून चार हातांवर. यांनी मलाही वाचवलं."

"कारकुनाने मधे बोलू नये," अध्यक्ष म्हणाले. "विरोधी सदस्य?"

वकीलबाईने वडिलांकडे पाहिलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा सरळ. "त्या एकतीस तासांत तुम्ही काय केलंत?"

"कठोर उपाय."

"म्हणजे?"

"झोपू दिलं नाही. उभं ठेवलं. पाणी."

"प्यायला?"

"नाही."

टेबलावरची बिस्किटं कोणी उचलेना. "आणखी?" वकीलबाईने विचारलं.

"हात," साहेब म्हणाले. मग जरा थांबून, "बोटं."

जुळाऱ्याची बोटं, ताईच्या मनात आलं. इतक्या वर्षांत हा शब्द गोष्टीत कधी आला नव्हता. तिला वाटलं आपणच कधी विचारलं नसेल.

"पण सगळं नियमाने," साहेब म्हणाले. "शनिवारी दुपारी पहिल्यांदा त्याचा चष्मा काढून घेतला. काच असते, माणूस स्वतःला इजा करून घेतो. तशी नोंद आहे. डॉक्टर रोज दोनदा येऊन पाहून जायचे."

"दातांचे?" अध्यक्षांनी विचारलं.

"मावशी!" डॉक्टर म्हणाला. सासऱ्यांचा चेहरा उतरायला लागलेला त्याला पाहवेना. त्याने खुर्ची पुढे ओढली. "अध्यक्षमहाराज, आता माझी पाळी. बाबा, उद्या तुम्ही नुसतं 'सहा वाजता बोलला' म्हणू नका. त्या क्षणाचं वर्णन करा. समितीला चित्र दिसलं पाहिजे. तो कसा बसला होता, काय केलं, तोंड कसं उघडलं."

साहेबांना हा प्रश्न आवडला. त्यांनी डोळे मिटले, आणि चित्र लगेच आलं, कालचं असावं तसं स्वच्छ. लाकडी टेबल. खिडकीतून येणारं तिरपं ऊन. समोरचा किडकिडीत माणूस त्यांच्याकडे बघतच नव्हता, तो दुभाषीकडे बघत होता.

"त्याने चष्मा काढला," साहेब म्हणाले. "शर्टाच्या टोकाने पुसला, दोन्ही बाजूंनी. परत घातला. आणि मग म्हणाला, टपाल कार्यालय."

"वा!" डॉक्टर म्हणाला. "अगदी असंच सांगा."

वकीलबाई हलली नाही. "कोणता चष्मा?" तिने विचारलं.

"कोणता म्हणजे? त्याचा."

"तो तर शनिवारी दुपारी काढून घेतलात. नोंद आहे म्हणालात. रविवारी संध्याकाळी त्याने काय पुसलं? आणि कोणत्या बोटांनी?"

साहेबांनी डोळे उघडले. उलटतपासणीची ही पद्धत त्यांच्याच ओळखीची होती. साक्षीदाराला आवडीचा प्रश्न मिळतो, तो खुलतो, आणि खुललेला माणूस जे आहे ते बोलून जातो. फक्त टेबलाच्या या बाजूला ते कधी बसले नव्हते. "चुकून बोललो," ते म्हणाले. "तालीम आहे ना. उद्या नाही बोलणार." आणि त्यांची नजर आपोआप मावशीकडे गेली.

"अध्यक्षांना डुलकी लागली आहे," मावशी म्हणाली. तिचे डोळे टक्क उघडे होते.

"मग दुभाषीला बोलवा," वकीलबाई म्हणाली.

मावशीने शाल काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली. टेबलाला वळसा घालून ती साहेबांच्या डाव्या हाताला येऊन बसली, अर्धा हात मागे, खोलीत बसायची तशी. हे वाक्य तिने इतक्या वर्षांत कितीदा तरी मनातल्या मनात जुळवलं होतं. बोलायच्या वेळी मात्र ते अगदीच साधं निघालं.

"शनिवारी सव्वाअकरा," ती म्हणाली. "भावजी, तो पहिल्याच पाव तासात बोलला होता."

पेल्यावर टेकलेला ताईचा चमचा किणकिणला आणि थांबला.

"तुम्ही नाव विचारलंत, त्याने सांगितलं. कामाचं ठिकाण विचारलंत, सांगितलं. मग तुम्ही काहीतरी वाचत होतात, म्हणून मी त्याला विचारलं, चहा घेणार का. तुम्ही ते विचारायला सांगितलं नव्हतं, ते माझ्या पदरचं. त्याला रडू आलं. चष्मा काढला, पुसला, घातला. आणि सांगितलं. टपाल कार्यालय, पार्सलखोली, तिसरं फडताळ, खालचा खण. मी शब्दाला शब्द तुम्हाला सांगितलं. तुम्ही हसलात."

"मी हसलो?"

"हसलात. म्हणालात, इतक्या लवकर कोणी खरं सांगत नसतं. आपल्याला टपाल कार्यालयात गुंतवून याला दुसरीकडे उडवायचं आहे. आधी थकवू याला, मग बघू."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "मग काय चूक होतं त्यात? सापळा असता तर? मी सगळी पथकं टपाल कार्यालयात धाडतो आणि तिकडे शाळेत स्फोट होतो, मग तूच म्हणाली असतीस!"

"पथक कशाला, एक शिपाई पाठवायचा होता. पार्सलखोली केवढीशी. तुम्हाला ते फार सोपं वाटलं, एवढंच."

"आणि मधले एकतीस तास तो गप्प होता ते?"

"गप्प कुठे होता? धो धो बोलत होता. तुम्ही सिनेमागृह आहे का म्हणालात, तो हो म्हणाला. पाण्याची टाकी का, हो. शाळा का, हो. सात ठिकाणं कबूल केली. सातही ठिकाणी तुमची पथकं धावली, टपाल कार्यालय सोडून. ते त्याने एकदा सांगून झालं होतं ना! रविवारी सहाला विचारायला नवीन ठिकाण उरलं नाही तेव्हा तो पुन्हा तेच म्हणाला. तेव्हा तुम्हाला खरं वाटलं."

"सव्वीस वर्षं!" डॉक्टर उभाच राहिला. "सव्वीस वर्षं तुम्ही गप्प बसलात मावशी? पदकाच्या समारंभात टाळ्या वाजवल्यात!"

"वाजवल्या. ताईच्या शेजारीच बसले होते." मावशीच्या आवाजातला खट्याळपणा अजून पुरता गेला नव्हता, पण तो आता तिच्या स्वतःवरच वळला होता. "त्या दिवशी यांनी मला विचारलं होतं, तुला काय वाटतं, खरं बोलतोय का हा? मला वाटत होतं खरं बोलतोय. मी म्हणाले, माझं काम शब्दांचं. नियमच आहे तसा, दुभाषीने मत द्यायचं नाही. फार सोयीचा नियम होता तो. मग मी तिथेच बसून राहिले. ओरडण्याचं भाषांतर करावं लागत नाही, डॉक्टर. तेवढा वेळ मी रिकामी असायचे."

डॉक्टर परत खाली बसला. त्याला या बाईचा राग यायला हवा होता, आणि येतही होता, पण तो कुठे ठेवावा ते कळेना. त्याच्या डोक्यात भाऊ होता. बाजारातल्या त्या सकाळी कोणीतरी आधी पकडला गेला असता, कोणी त्याला असं एकतीस तास उभं केलं असतं, तर भाऊ आज बावन्न वर्षांचा असता. हा विचार तो पंचवीस वर्षं उशाशी घेऊन झोपला होता. आणि आता त्या विचारात पकडलेला माणूस पहिल्या पाव तासातच सगळं सांगून बसत होता आणि ऐकणारा हसत होता.

"एक सांगू का?" तो शेवटी म्हणाला, खूप नाराजीने. "ठणका फार असला ना, की पेशंटला नेमका दात सांगता येत नाही. दुखत असतो वरचा, दाखवतो खालचा. आणि शपथेवर सांगतो हाच म्हणून. त्याच्या शब्दावर मी कधी दात काढत नाही."

"तू कोणाच्या बाजूचा सदस्य आहेस?" साहेब म्हणाले.

"मला विचारू नका बाबा. मी आधीच स्वतःवर चिडलोय."

ताई इतका वेळ काहीतरी मोजत होती. "मी किती वाजता गेले होते?" तिने विचारलं.

सगळ्यांना माहीत होतं, तिनेच शंभरदा सांगितलं होतं.

"साडेबाराला," ताईच म्हणाली. "शनिवारी टपाल एकला बंद व्हायचं म्हणून धावत गेले. तुमच्या आईला स्वेटर पाठवायचा होता. तुम्हीच सकाळी निघताना म्हणालात, आज टाकून ये, उद्यावर ढकलू नकोस." तिने चमचा खाली ठेवला. "सव्वाअकराला तुम्हाला माहीत होतं."

"मला माहीत नव्हतं! मला सांगितलं गेलं होतं!"

"दोन्हीत फरक काय?"

ताईने चमचा उचलला आणि पेल्यावर असा काही हाणला की मावशीसुद्धा दचकली.

"साक्षीदाराने उत्तर द्यावं," ताई म्हणाली.

साहेब उठले, खुर्ची नीट आत सरकवली आणि गच्चीत निघून गेले.

"झालं," डॉक्टर म्हणाला. "मावशी, तुमच्या कल्पनेने रुसून जाणाऱ्यांत आज घरमालकच."

वकीलबाई पाच मिनिटांनी गच्चीत गेली. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी धूत होतं आणि साबणाचं पाणी गटाराकडे चाललं होतं. साहेब ते अत्यंत बारकाईने पाहत होते.

"आईला निरोप सांगू का तुम्हाला काही बोलायचं असेल तर?" तिने विचारलं.

त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. "मला खरंच आठवत नव्हतं गं."

"माहीत आहे."

"खोटं बोलत नव्हतो मी. इतकी वर्षं."

"माहीत आहे बाबा. खोटं बोलत असता तर चष्मा आला नसता."

गाडीवाल्याने चाकं धुवायला घेतली. "आता तुझ्या सहीबद्दल," साहेब म्हणाले. "समजा सव्वाअकराला तो बोललाच नसता. दगडासारखा बसला असता. आणि मला पक्कं ठाऊक असतं की सोमवारी दहाला कुठेतरी दोनशे माणसं मरणार. मग मी काय करायचं होतं? चहा पाजत बसायचं?"

कोर्टात वकीलबाईला याची चार उत्तरं आली असती. "मला माहीत नाही," ती म्हणाली.

"तुमच्या पत्रकात तर सगळं माहीत असल्यासारखं लिहिलंय."

"मसुदा माझा नव्हता."

"सही करण्याआधी वाचत जा," साहेब म्हणाले. "वकील ना तू?"

ती हसली, आणि मग तेही. आत डॉक्टरने निःश्वास टाकून एक बिस्किट उचललं. उद्या काय बोलणार हे वकीलबाईने विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही.

सोमवारी समितीच्या दालनात पाहुण्यांच्या रांगेत ताई मधे, एका बाजूला मावशी, दुसऱ्या बाजूला डॉक्टर. वकीलबाई मुद्दाम मागे बसली होती, वडिलांना दिसू नये म्हणून. अध्यक्ष चांगले जागे होते. साहेबांनी शपथ घेतली, घसा खाकरला आणि गोष्ट सुरू केली. शनिवार. अकरा वाजता. जुळारी. दुभाषी. ताईचे ओठ सवयीने त्यांच्याबरोबर हलत होते. "एकतीस तास तो" या जागी तिचे ओठ आधीच पुढे गेले, आणि साहेब मात्र थांबले.

"सव्वाअकरा वाजता त्याने सगळं खरं सांगितलं," साहेब म्हणाले. "ठिकाण, फडताळ, खण. दुभाषीने ते मला बिनचूक सांगितलं. मी विश्वास ठेवला नाही."

कायद्याच्या बाजूचे एक सदस्य पुढे वाकले. "साहेब, काहीतरी गोंधळ होतोय. तुम्ही आमचे साक्षीदार आहात."

"बोलावलंत तुम्हीच. पण तिथे बसलो होतो मी."

"मग पुढचे एकतीस तास कशासाठी होते?" अध्यक्षांनी विचारलं.

"माझा विश्वास बसेपर्यंत तेवढा वेळ गेला. वेळ मला लागला, भोगला त्याने. आणि त्यातला शनिवारचा अर्धा तास माझी बायको त्या पिशवीजवळ रांगेत उभी होती. याची ती काल दुपारपासून मला वरचेवर आठवण करून देते आहे."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. ताईने मान ताठ केली.

"तो निर्दोष होता असं म्हणताय?" त्या सदस्याने विचारलं.

"अजिबात नाही. पिशवी त्यानेच ठेवली होती. त्याला शिक्षा झाली ती योग्यच झाली."

"मग कायदा असावा की नसावा, एवढंच सांगा."

"तो बोललाच नसता तर मी काय केलं असतं, ते मला ठाऊक आहे. तेच केलं असतं. त्याने काही हाती लागलं असतं का, ते ठाऊक नाही, आणि ठाऊक आहे म्हणणाऱ्यांवर माझा आता विश्वास नाही. पण तुम्ही मुभा द्यायची की नाही असं विचारताय. त्या खोलीत मला मुभा कमी पडली नव्हती. कान कमी पडले."

ते बाहेर आले तेव्हा दोन जुन्या सहकाऱ्यांनी त्यांना ओळख दिली नाही. डॉक्टरने मात्र त्यांच्या हातातली बॅग घेतली आणि काही न बोलता तो गाडी आणायला गेला. वकीलबाई पायऱ्यांवर त्यांच्या शेजारी उभी राहिली.

"पदक काढायचं का भिंतीवरून?" ताईने विचारलं.

"तुला काय वाटतं?"

"मागे रंग उडालाय. काढलं तर वाईट दिसेल."

साहेबांनी मावशीकडे पाहिलं. "त्या माणसाचं पुढे काय झालं, तुला माहीत असणार."

"बारा वर्षांनी सुटला. गावीच असतो. छापखान्याचं काम करत नाही, बोटं वळत नाहीत." मावशी बोलताना पर्सचा बंद घट्ट धरून होती. "मी त्याला तुरुंगात एकदा पत्र लिहिलं होतं. माफी मागायला. त्याचं उत्तर आलं."

"शिव्या?"

"नाही. त्याने एकच विचारलं होतं. शनिवारी सकाळी मी बोललो, ते तुमच्या भाषेत नीट पोचलं नव्हतं का? माझा एखादा शब्द चुकला असेल. फडताळ म्हणताना मी गावाकडचा शब्द वापरला, म्हणून तर साहेबांना कळलं नसेल? तुरुंगात तो तोच शब्द घोळवत बसला होता."

गाडी आली आणि पायऱ्यांपाशी थांबली. कोणी तिच्याकडे गेलं नाही.

"मग तू काय कळवलंस?" साहेबांनी विचारलं.

"काय कळवणार? काहीच नाही."

साहेबांनी कोटाच्या खिशातून पेन काढलं आणि सकाळच्या साक्षीचा दुमडलेला कागद. त्याची मागची बाजू कोरी होती. दोन्ही त्यांनी मावशीच्या हातात दिलं.

"मी सांगतो, तू त्याच्या भाषेत लिही."

"शब्दाला शब्द?"

"शब्दाला शब्द."

मावशी तिथेच पायरीवर बसली आणि तिने कागद गुडघ्यावर ठेवला. साहेब तिच्यापुढे उभे राहिले, हात मागे बांधून.

"लिही," ते म्हणाले. "तुमचा शब्द चुकला नव्हता. मला तो पहिल्याच वेळी कळला होता."